युरोपातल्या हिवाळ्यात कुंडीतली बोगनवेल
ब्रिटन-जर्मनीत घरात घेतलेली बोगनवेल हिवाळ्यात पानं गाळते. ती तहानली असं वाटून पाणी वाढवलं जातं आणि मुळं कुजतात.

१. रात्री पारा १० अंशांखाली जाऊ लागला की कुंडी आत घ्या. ५ ते १० अंशांची, उजेडाची जागा उत्तम, हीटरजवळ नकोच.
२. खत बंद. वरची माती पूर्ण सुकल्यावरच घोटभर पाणी.
३. फेब्रुवारीअखेर बाजूच्या फांद्या २-३ डोळे ठेवून छाटा, मग पाणी हळूहळू वाढवा.

वेल जिवंत आहे का, अशी शंका आली तर साल नखाने खरवडा. आत हिरवं दिसलं तर थांबा, फुटेल.

कुंडी बदलताना मातीचा गोळा फोडू नका. हिची मुळं फार नाजूक असतात.