सेन्सरयुक्त आहारनळीची चाचणी कशी घ्यावी: प्रयोगशाळेतील टेबलापासून अतिदक्षता विभागातील खाटेपर्यंत

अतिदक्षता विभागातील ज्या रुग्णाला गिळता येत नाही, त्याला नाकावाटे पोटापर्यंत घातलेल्या नळीतून अन्न आणि औषधे दिली जातात. ही नळी चुकून श्वासमार्गात शिरली तर शुद्धीवरच्या माणसाला ठसका लागतो; गुंगीच्या औषधांखाली असलेल्या रुग्णाला तो लागेलच असे नाही, आणि म्हणूनच नळीत सामू (पीएच, म्हणजे आम्लता), दाब, तापमान किंवा विद्युत प्रतिबाधा (विजेला होणारा अडथळा) मोजणारे सेन्सर बसवले जाऊ लागले. अशा नळीची चाचणी घेणाऱ्याने एक गोष्ट आरंभीच मनाशी पक्की करावी: सेन्सर किती वेळा चुकतो यापेक्षा तो कोणत्या बाजूला चुकतो, हे शोधायचे आहे. पोटात असलेल्या नळीबद्दल ‘खात्री नाही’ असे सांगणारे उपकरण एक जादा एक्स-रे काढायला लावते. फुप्फुसात गेलेली नळी ‘पोटात आहे’ असे सांगणारे उपकरण रुग्णाचा जीव घेऊ शकते. या दोन्ही चुका एकत्र करून काढलेला अचूकतेचा एकच आकडा अहवालात स्वीकारू नये.

पहिले काम कागदावरचे आहे. नळी कुठे आहे हे सांगणे, पोटातील अन्न वर येत असल्यास ओळखणे, अन्ननलिकेतील दाब मोजणे, यांपैकी निर्माता नेमका कोणता दावा करतो ते लिहून काढावे आणि प्रत्येक दाव्यासमोर तो कशाशी ताडून पाहायचा हे नोंदवावे. स्थानाच्या दाव्यासाठी संदर्भ म्हणजे एक्स-रे. नळीतून ओढलेल्या द्रवाचा सामू ५.५ किंवा त्याहून कमी असणे हा खाटेशेजारी वापरला जाणारा मान्य निकष असला, तरी आम्ल कमी करणारी औषधे चालू असलेल्या रुग्णांत तो बऱ्याचदा पूर्ण होत नाही. नळीतून हवा सोडून स्टेथोस्कोपने पोटावर आवाज ऐकण्याची जुनी पद्धत मात्र संदर्भ म्हणून वापरूच नये, कारण फुप्फुसात सोडलेल्या हवेचा आवाजही पोटावर ऐकू येऊ शकतो.

सेन्सरकडे वळण्यापूर्वी नळी ही नळी म्हणून उत्तीर्ण व्हायला हवी. आहारनळ्यांची रचना आणि चाचण्या यांसाठी आयएसओ २०६९५ आणि जोडण्यांसाठी आयएसओ ८०३६९-३ ही मानके आहेत. गळती, ताण, वाकल्यावर पोकळी मिटणे या चाचण्या त्यांच्या चौकटीत नेहमीप्रमाणे उरकाव्यात. शरीराशी सुसंगती आयएसओ १०९९३ नुसार तपासताना नळी किती काळ आत राहणार हे महत्त्वाचे ठरते, कारण २४ तासांपर्यंत, ३० दिवसांपर्यंत आणि त्याहून अधिक असे संपर्काचे तीन वर्ग तेथे धरलेले आहेत. मात्र दोन ठिकाणी थांबावे. १२ फ्रेंच (नळीच्या जाडीचे एकक) आकाराच्या नळीचा बाहेरचा व्यास ४ मिलिमीटर असतो आणि सेन्सरच्या तारा याच जागेत बसवायच्या असल्याने अन्नासाठीची पोकळी आक्रसते; म्हणून प्रवाह नुसत्या पाण्याने न मोजता वापरातल्या सर्वांत दाट फीडने, म्हणजे नळीतून द्यायच्या द्रव अन्नाने, मोजावा, आणि फीडमधील दुधाचे प्रथिन आम्लात साकळते हे ध्यानात घेऊन आम्ल, फीड व कुटलेली गोळी यांचा क्रम लावून नळी तुंबते का तेही पाहावे. दुसरे म्हणजे तारांमुळे येणारा ताठरपणा. त्याच आकाराच्या साध्या नळीशेजारी ठेवून टोकाचा ताठरपणा मोजावा, कारण ताठ टोक श्वासमार्गात शिरल्यास फुप्फुसाला इजा करण्याची भीती वाढते.

विद्युत सुरक्षेची चाचणी कोरड्या नळीवर घेतल्यास तिचा काहीच उपयोग नाही. नळी ३७ अंश सेल्सियसच्या द्रवात ठरलेल्या मुदतीपर्यंत भिजवून मगच आयईसी ६०६०१-१ या वैद्यकीय विद्युत उपकरणांच्या सुरक्षा-मानकानुसार रुग्णाकडे जाणारा गळती-प्रवाह मोजावा. हृदयाशी थेट संबंध येणाऱ्या सीएफ वर्गात प्रत्यावर्ती प्रवाहाची मर्यादा सामान्य स्थितीत १० आणि एक बिघाड असताना ५० मायक्रोअँपिअर आहे. शरीराला लागणाऱ्या पण हृदयाशी थेट संबंध न येणाऱ्या बीएफ वर्गात हेच आकडे १०० आणि ५०० आहेत. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या कर्णिकेला अगदी मागून लागून जाते, त्यामुळे निर्मात्याने बीएफ वर्ग निवडला असेल तर त्याचे लेखी समर्थन मागावे, असे माझे मत आहे. डिफिब्रिलेटरचा झटका बसल्यानंतर उपकरण पुन्हा खरे वाचन दाखवते का, आणि एमआरआयपूर्वी नळी काढायची की नाही हे वेष्टनावर स्पष्ट लिहिले आहे का, हेही याच टप्प्यावर पाहून घ्यावे.

आता सेन्सर. सामूचा सेन्सर ४ आणि ७ सामूच्या दोन बफरांत (सामू ठाऊक असलेल्या स्थिर द्रावणांत) ३७ अंशांवर कॅलिब्रेट करावा, नंतर कृत्रिम जठररसात ठेवावा आणि शेवटी पुन्हा त्याच बफरांत तपासावा. सुरुवातीच्या व शेवटच्या वाचनांतील फरक म्हणजे सेन्सरची सरक. कृत्रिम जठररसाची औषधकोशातील जुनी कृती सोपी आहे: एक लिटरमध्ये २ ग्रॅम मीठ, ३.२ ग्रॅम पेप्सिन (जठरातील पाचक प्रथिन) आणि ७ मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, ज्याचा सामू सुमारे १.२ येतो. पेप्सिन वगळण्याचा मोह टाळावा, कारण सेन्सरच्या पृष्ठभागावर थर साचतो तो प्रथिनांचाच.

प्रतिबाधेच्या सेन्सरची परीक्षा अधिक फसवी आहे. द्रव पुढून गेला की प्रतिबाधा उतरते, हवा गेली की चढते, आणि टप्प्याटप्प्याने बसवलेल्या इलेक्ट्रोडांवर हा बदल खालून वर सरकला तर अन्न उलटे येत आहे असा अर्थ निघतो. सलाइनवर हे सगळे सुरेख जमते. पण नळी धुण्यासाठी वापरलेले शुद्ध पाणी वीज फारसे वाहून नेत नाही, निरनिराळ्या फीडची वाहकता निरनिराळी असते, आणि वाळलेल्या फीडचा लेप इलेक्ट्रोडवर बसला की मूळ पातळीच बदलते. म्हणून खाटेचे डोके उचललेले असते तशी ३० ते ४५ अंशांत कललेली पारदर्शक कृत्रिम अन्ननलिका घ्यावी आणि तिच्यात खालून मोजक्या मात्रेत फीड, पाणी, हवा व त्यांचे मिश्रण वेगवेगळ्या वेगाने सोडावे. वरून गिळल्यासारखी लाळही सोडावी, म्हणजे दिशा ओळखण्याची कसोटी लागते. हाच प्रयोग नव्या नळीवर आणि दावा केलेली मुदत पूर्ण भरलेल्या, फीडने माखलेल्या नळीवर करावा. मला विचाराल तर दुसऱ्या नळीचा निकालच खरा धरावा.

स्थान ओळखण्याच्या चाचणीत अवघड प्रसंग मुद्दाम घडवून आणावेत. टोक श्वासनलिकेच्या ओल्या, कफाने भरलेल्या प्रतिकृतीत. टोक पोटात पण तेथील सामू ६. टोक अन्ननलिकेच्या खालच्या भागात आणि तेथे पोटातील आम्ल वर आलेले. नळी घशात वेटोळे घालून बसलेली. यांतील तिसरा प्रसंग सर्वांत घातक, कारण सामू ‘पोट’ म्हणतो आणि फीड मात्र अन्ननलिकेत पडून तेथून श्वासमार्गात उतरू शकते. केबल निघाली असता पडद्यावर शेवटचे वाचन तसेच राहत असेल, तर बाकीचे निकाल कितीही चांगले असोत, चाचणी तेथेच थांबवावी.

रुग्णांवरची चाचणी आयएसओ १४१५५ या वैद्यकीय उपकरणांच्या मानवी चाचण्यांच्या मानकाच्या चौकटीत, नीतिसमितीच्या परवानगीने आणि रुग्ण संमती देऊ शकत नसल्यास कायद्याने अधिकार असलेल्या नातेवाइकाच्या संमतीने व्हावी. पहिल्या टप्प्यात सेन्सरचे वाचन नोंदवले जावे, पण डॉक्टर व परिचारिका यांना दिसू नये. नळीच्या स्थानाचा निर्णय नेहमीच्या पद्धतीनेच व्हावा आणि एक्स-रे वाचणाऱ्याला सेन्सरचे उत्तर ठाऊक नसावे. ही खबरदारी अनाठायी नाही: नळी घालताना मार्ग दाखवणाऱ्या विद्युतचुंबकीय उपकरणांच्या वापरातही फुप्फुसाभोवती हवा साचण्याच्या घटना घडल्याने अमेरिकेच्या एफडीएने (औषधे व वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने) २०१८ मध्ये आरोग्यसेवकांना पत्र लिहून सावध केले होते.

रुग्णसंख्या ठरवताना साधा हिशेब करावा. फुप्फुसात गेलेल्या १०० नळ्यांपैकी एकही सेन्सरने चुकवली नाही, तरी ९५ टक्के विश्वासाने इतकेच म्हणता येते की चुकीचे प्रमाण सुमारे ३ टक्क्यांपेक्षा अधिक नाही. ३०० मध्ये शून्य चूक असेल तर ती मर्यादा १ टक्क्यावर येते. मुळात श्वासमार्गात जाणाऱ्या नळ्या थोड्याच असल्याने एवढे प्रसंग एका रुग्णालयात जमत नाहीत, आणि जमेपर्यंत ‘एक्स-रेची गरज नाही’ हे वाक्य माहितीपत्रकात येऊ देऊ नये. दाब किंवा तापमान यांसारख्या सलग वाचनांसाठी सहसंबंधाचा गुणांक पुरत नाही. संदर्भाशी असलेला सरासरी फरक आणि बहुतेक वाचनांतील फरक ज्यांच्या आत पडतो त्या मर्यादा द्याव्यात. अन्ननलिकेतील दाबाच्या बाबतीत श्वासमार्ग क्षणभर बंद करून अन्ननलिकेतील आणि श्वासमार्गातील दाबांच्या बदलांचे गुणोत्तर काढावे, ते ०.८ ते १.२ च्या दरम्यान असणे ग्राह्य धरले जाते.

अलार्मची मोजणी वेगळी ठेवावी. प्रत्येक रुग्ण-दिवसाला किती अलार्म वाजले, त्यांतील किती खरे होते, आणि कूस बदलताना, कफ ओढताना किंवा खोकल्यामुळे किती वाजले, हे परिचारिकेने त्याच वेळी नोंदवले तरच विश्वसनीय असते. नळी काढल्यावर ती फेकू नये: निर्जंतुक करण्यापूर्वीच, संसर्गाची काळजी घेऊन, सेन्सर पुन्हा बफरांत तपासावा, मग नळी उभी चिरून इलेक्ट्रोडांवरील थर आणि तारांभोवतीची भेग पाहावी, आणि ज्या रुग्णाची नोंद आहे त्याच नोंदीला हा निष्कर्ष जोडावा.