लेथ घरी आणताना: कोकणातल्या अंगणासाठी

लेथ (धातू कातायचं मशीन) आणायचंच तर मे महिन्याच्या आत आणा. पाऊस लागला की अंगणाची माती टनभर वजन पेलत नाही, मशीन सरकवायला खाली घातलेले रोलर रुततात. 6 फुटी लेथचं वजन बऱ्याचदा अर्ध्या टनापेक्षा जास्त भरतं, त्यामुळे नेमकं वजन विकणाऱ्याकडून आधीच विचारून घ्या.

लेथचा तोल हेडस्टॉककडे (काम फिरवणाऱ्या टोकाकडे) असतो आणि मशीन वरच्या अंगाला जड असतं. म्हणून उचलण्यापूर्वी कॅरेज (हत्यार धरणारा सरकता भाग) टेलस्टॉकच्या, म्हणजे दुसऱ्या टोकाच्या, बाजूला सरकवून लॉक करा. चक (काम पकडणारा जबडा) काढता आलं तर उत्तमच. उचलायचा पट्टा बेडखाली (कॅरेज ज्यावर सरकतं त्या लांब पाटाखाली) घ्या, लीडस्क्रूला (आटे कापताना कॅरेज सरकवणाऱ्या लांब स्क्रूला) तर अजिबात टेकू देऊ नका. तो वाकला की आटे कापण्याचं काम बिघडलंच.

टेम्पोतून उतरल्यावर जाड लोखंडी पाइप आणि पहार यांवर काम भागतं. जांभ्याच्या चिऱ्यांवर मात्र पाइप थेट फिरवू नका, चिऱ्याच्या कडा फुटतात. खाली जाड फळ्या अंथरा. आपल्याकडे घरं उतारावर, त्यामुळे खाली नेताना चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) वरच्या बाजूच्या पक्क्या आधाराला बांधून मशीन धरून ठेवा. पडवीचा लाकडी खांब हा तसा आधार नव्हे. उताराच्या खालच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही, हौशी शेजारीसुद्धा नाही! पहारीने उचललं की लगेच खाली लाकडी ठोकळा सारा. बोटं कधीच घालू नका.

खाऱ्या वाऱ्याने बेड लवकर गंजतो. प्रवासाआधीच त्यावर ग्रीस चोपडा.