‘बत्तीसची गोळी द्या’ म्हणू नका: स्वसंरक्षणाच्या शस्त्राचे काडतूस कसे ओळखावे आणि निवडावे

शस्त्र परवाना मिळायला इतके हेलपाटे घालावे लागतात, की रिव्हॉल्वर घरी येईपर्यंत माणूस दमून जातो. मग काडतुसांची वेळ आली की दुकानात जाऊन म्हणतो, "बत्तीसच्या पंचवीस गोळ्या द्या." पण बत्तीस नावाचे एकच काडतूस नसते, आणि शस्त्राचे पूर्ण नाव, काडतुसाचे पूर्ण नाव आणि या दोन्हींचा मेळ यांपलीकडची निवड फार थोडी असते. म्हणून नावापासूनच सुरुवात करा.

आपल्याकडे ९ मिमी हे सैन्याचे आणि पोलिसांचे काडतूस. ते प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते, म्हणून सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. त्याच्या हाती बहुधा ०.३२ इंच बोअरचे (नळीच्या आतल्या व्यासाचे), म्हणजे ‘बत्तीसचे’ शस्त्र असते: कानपूरचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्वर, २०१४ मध्ये आलेले हलके ‘निर्भीक’ रिव्हॉल्वर किंवा ‘अशनी’सारखे पिस्तूल. नळीचा व्यास जवळपास तोच असला, तरी रिव्हॉल्वरची काडतुसे वेगळी आणि पिस्तुलाची वेगळी.

आधी शस्त्र वाचा

शस्त्र रिकामे करा. सिलिंडर उघडून सहाही घरे डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. पिस्तूल असेल तर मॅगझिन आधी काढा, मग स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागचे काडतुसाचे घर, बघा. हा क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधली गोळी चेंबरमध्ये चढते. काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवा आणि मगच नळीवरची किंवा चौकटीवरची अक्षरे वाचा. रिव्हॉल्वरवर साधारणपणे ‘बत्तीस एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग’ असते. पिस्तुलावर ‘बत्तीस एसीपी’ (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल) किंवा ‘७.६५’, आणि ही दोन्ही नावे एकाच काडतुसाची आहेत. जे कोरलेले आहे ते जसेच्या तसे कागदावर उतरवून घ्या. परवान्यावरची नोंदही ताडून पाहा, कारण तिथे अनेकदा नुसते ‘०.३२’ लिहिलेले असते.

मग काडतुसाचा बूड पाहा

काडतुसाच्या तळाशी मधोमध ठिणगी पाडणारी टोपी असते आणि तिच्याभोवती ठसा. पुण्याच्या खडकीतल्या दारूगोळा कारखान्याच्या मालावर ‘केएफ’ ही रोमन अक्षरे दिसतात. हा कारखाना १८६९ पासूनचा. २०२१ पासून तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीत आहे आणि तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे. आपल्याला मात्र निर्मात्याइतकेच, खरे तर त्याहून जास्त, काडतुसाच्या प्रकाराचे नाव महत्त्वाचे. ठसा पुसट असेल तर मोजपट्टी घ्या. लाँगची नुसती पुंगळी सुमारे २३ मिमी आणि गोळीसकट काडतूस साडेबत्तीसच्या आसपास. एसीपीची पुंगळी १७ मिमी आणि पूर्ण काडतूस २५ मिमी. लाँगच्या बुडाला बाहेर आलेली ठळक कड असते. एसीपीची कड इतकी कमी बाहेर येते, की बोट फिरवल्याशिवाय कळत नाही.

हे मी इतके ताणून सांगतो आहे, त्याला कारण आहे. एसीपी काडतूस अनेक रिव्हॉल्वरांच्या घरात शिरते, त्या अर्ध्या कडेवर टेकते आणि उडतेही. पण त्याचा दाब लाँगपेक्षा साधारण एक तृतीयांशाने जास्त असतो. ज्या जुन्या, मधून मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्वरची बिजागरी आधीच सैल झाली आहे, तिच्यावर हा प्रयोग करणे म्हणजे स्वतःच्या चेहऱ्याजवळ धोका पत्करणे. ‘बसते आहे ना, मग चालेल’ हे वाक्य कुणीही म्हटले, तरी ऐकू नका.

गोळीचा आकार: इथे जास्त गुंतू नका

परदेशी व्हिडिओ पाहून अनेक जण विचारतात, पोकळ टोकाची गोळी घेऊ का? ही गोळी आत शिरल्यावर फुलते, म्हणून आरपार जाण्याची शक्यता कमी होते. फुलणाऱ्या गोळीचे जुने नाव ‘दमदम’ कोलकात्याजवळच्या दमदम शस्त्रागारावरून पडले, आणि १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने ती युद्धातून बाद केली. अमेरिकेत नागरिक आणि पोलीस ती वापरतात, पण तिथली चर्चा मुख्यतः ९ मिमीसारख्या जोरदार काडतुसांची असते. बत्तीसचा जोर त्याच्या जवळपास एक तृतीयांश. एवढ्या वेगात पोकळ टोक फुलेलच याची खात्री नाही, आणि फुलले तर पुरेसे खोल जाईल याची नाही. शिवाय लांबीला आखूड पोकळ गोळ्या एसीपीच्या मॅगझिनमध्ये मागेपुढे सरकतात, वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकते आणि पिस्तूल ऐन वेळी जाम होते. म्हणून बत्तीससाठी माझे मत स्पष्ट आहे: गोल टोकाचे, कारखान्यात भरलेले साधे काडतूस. सपाट तोंडाची वॉडकटर काडतुसे नेमबाजांची. ती कागदावर स्वच्छ भोक पाडतात, पण घाईत सिलिंडरमध्ये भरताना अडतात. हाताने पुन्हा भरलेली काडतुसे स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका.

साध्या गोळीची एक बाजू मात्र सतत लक्षात ठेवा. ती थांबत नाही. प्लायवूडचे पार्टिशन, दार, जिप्समची भिंत ती सहज पार करते. फ्लॅटमध्ये राहत असाल तर आजच घरात फिरून बघा, कोणत्या भिंतीपलीकडे कोण झोपते. कायदाही गरजेपेक्षा जास्त इजा करू देत नाही. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ शस्त्र हाती घेण्याआधी वाचायला हवीत.

रेंजवर उडवून बघा

पेटीवरचे नाव बरोबर असले, तरी ते काडतूस तुमच्या शस्त्रात चालते की नाही, हे अधिकृत रेंजवरच कळते. एकाच पेटीतली निदान पंधरा-वीस उडवा. चाप ओढल्यावर काहीच झाले नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा. आवाज नुसता फुसका आला, तर पुढची गोळी मुळीच मारू नका. गोळी नळीत अडकलेली असू शकते. पुंगळ्या गोळा करून घरी आणा, हिशेब विचारला जातो.

आमच्या घरात एक जुने रिव्हॉल्वर होते आणि त्याची काडतुसे वर्षानुवर्षे चामड्याच्या पट्ट्यात खोचलेली. चामडे कमावताना वापरलेली द्रव्ये पितळेला खातात, त्यात आमचा पावसाळा. काडतुसांवर हिरवा थर चढला होता. रेंजवर सहापैकी दोन उडालीच नाहीत. ती रात्री उशाशी असायची, आणि त्या भरवशावर घरातली माणसे झोपायची, हे आठवले की अजून अंगावर काटा येतो. तेव्हापासून काडतुसे मूळ पेटीत, सिलिका जेलसह, हवाबंद डब्यात, शस्त्रापासून वेगळ्या कुलपात. तेल लागलेल्या हाताने मी त्यांना शिवत नाही, कारण तेल टोपीतून आत झिरपते. थर चढलेली, पिचलेली, गोळी हलणारी काडतुसे बाजूला काढा. कचऱ्यात टाकू नका, परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्यात विचारून नोंदीसह जमा करा.

खरेदी करताना परवान्यावरची मर्यादा आधी पाहा, पक्की पावती घ्या आणि नोंद तुमच्यासमोर करून घ्या. निवडणुकीच्या आचारसंहितेत शस्त्र ठाण्यात जमा करावे लागले, तर पोचपावतीवर शस्त्राचा क्रमांक, काडतुसांची संख्या आणि त्यांचे पूर्ण नाव लिहून मागा. परत घेताना ती तिथेच मोजा आणि प्रत्येकाचा बूड उलटून बघा.