दिवाणी दावा दाखल करताय? या चुका टाळा

बाजू खरी असूनही दिवाणी दावा पहिल्याच टप्प्यावर अडकतो. कारणं बहुतेक वेळा दावा लिहायला घेण्याआधीच घडलेली असतात: मुदत निघून गेलेली असते, एखादा वारस राहून गेलेला असतो किंवा जमिनीचं वर्णन सातबाऱ्यावरून जसंच्या तसं उतरवलेलं असतं. दावा वकील लिहितात, पण तारखा, नावं आणि कागद पक्षकाराकडूनच येतात. म्हणून महाराष्ट्रातल्या दिवाणी न्यायालयांत वारंवार दिसणाऱ्या या चुका पक्षकारालाही माहीत असायला हव्यात.

मुदतीचा हिशेब चुकणं

यातून सावरणं सगळ्यांत अवघड, म्हणून फाईल उघडताच आधी मुदत मोजा. मुदत कायदा १९६३ च्या कलम ३ नुसार प्रतिवादीनं हरकत घेतली नाही तरी मुदतबाह्य दावा न्यायालयाला फेटाळावाच लागतो. ‘उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज देऊ’ हा समज इथे चालत नाही. कलम ५ ची विलंब माफी अपिलांना आणि अर्जांना आहे, मूळ दाव्याला नाही.

हातउसने दिलेल्या पैशांत तर नेहमीच घोळ होतो. परतफेडीची तारीख ठरलेली नसेल तर तीन वर्षं पैसे दिल्यापासून मोजतात, मागितल्यापासून नाही. १० जून २०२२ ला दिलेल्या रकमेचा दावा १० जून २०२५ पर्यंत दाखल व्हायला हवा. त्याआधी तुम्ही वकिलामार्फत कितीही नोटिसा पाठवल्या तरी मुदत एका दिवसानंही वाढत नाही. वाढते ती देणेकऱ्यानं मुदतीच्या आत देणं लेखी आणि सहीनिशी मान्य केलं तर. त्यानं ५ मार्च २०२४ ला तसं लिहून दिलं असेल तर त्या दिवसापासून नवी तीन वर्षं मिळतात. मुदत संपल्यावर घेतलेल्या अशा चिठ्ठीनं मुदत कायद्याच्या कलम १८ चा हा फायदा मिळत नाही. शेवटचा दिवस सुट्टीत आला, तर न्यायालय उघडेल त्याच दिवशी दावा द्या.

साठेखतावरून खरेदीखत करून मागायचं असेल तरी तीन वर्षंच. ती करारातल्या ठरलेल्या तारखेपासून आणि तारीख नसेल तर समोरच्यानं नकार दिल्याचं कळल्यापासून मोजतात. मालकी हक्कावरून कब्जा मागायला बारा वर्षं आहेत. पण मालकीचा वाद न घालता, बेकायदा काढलेला ताबा फक्त पूर्वीच्या कब्जावरून परत हवा असेल, तर विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६ खाली अवघे सहा महिने मिळतात.

प्रतिवादींची यादी अपुरी

वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार लागतात. लग्न होऊन गेलेल्या बहिणी, मयत बहिणीची मुलं, सातबाऱ्यावर नाव न लागलेले वारस, सगळे. आवश्यक पक्षकार राहिला तर दावा तेवढ्यावर कोसळू शकतो. मिळकतीही सगळ्या घ्या. घर वगळून फक्त शेताचं वाटप मागितलं की हरकत ठरलेलीच.

मयत माणसाविरुद्ध दाखल केलेल्या दाव्याला कायद्यात अर्थ नाही. दावा चालू असताना प्रतिवादी वारला तर वारस दाखल करता येतात; तो आधीच वारलेला असेल तर वारसांनाच सुरुवातीपासून प्रतिवादी करावं लागतं. जुन्या सातबाऱ्यावरचं नाव उचलण्याआधी ती व्यक्ती हयात आहे का, याची गावात चौकशी करा.

शासन किंवा शासकीय कामाबद्दल अधिकारी प्रतिवादी असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस आधी द्यावी लागते आणि ती दिल्याचं दाव्यात लिहावं लागतं. अगदी निकड असेल तर न्यायालयाच्या परवानगीनं नोटिशीशिवाय दावा करता येतो. नोटिशीचे दोन महिने मुदतीतून वगळले जातात.

मिळकतीचं वर्णन

समजा, गट नंबर ११२ चं एकूण क्षेत्र ८० आर आहे आणि तुम्ही त्यातले पश्चिमेकडचे २० आर घेतलेत. दाव्यात ‘गट नं. ११२, क्षेत्र ०.८० हे.’ लिहून चतुःसीमा पूर्ण गटाच्या दिल्या, तर बेलिफ कब्जा नेमका कशाचा देणार? आधी संपूर्ण गटाचं वर्णन, मग ‘पैकी पश्चिमेकडील २० आर’, मग त्या २० आरच्या स्वतंत्र चतुःसीमा, आणि हातनकाशा जोडा. हद्दीचा वाद असेल तर दाव्याआधीच मोजणी करून घ्यावी. खरेदीखत, फेरफार आणि सातबारा यांतलं क्षेत्र जुळत नसेल तर तो फरक दाव्यातच समजावून सांगा. सातबारा किंवा फेरफार हा मालकीचा पुरावा नाही. खरेदीखत किंवा वारसा दाखवावाच लागतो.

मागणी अर्धवट ठेवणं

कोर्ट फी वाचवण्यासाठी नुसत्या मनाईचा दावा लावतात, आणि जमीन समोरच्याच्या कब्जात असते! अशा वेळी मालकीची घोषणा आणि कब्जा दोन्ही मागावं लागतं. कब्जा मागता येत असताना नुसती घोषणा मागितली तर विशिष्ट साहाय्य कायद्याचं कलम ३४ आड येतं. त्याच कारणावरून मिळू शकणारी मागणी परवानगीशिवाय सोडली तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २ नियम २ मुळे ती पुन्हा वेगळ्या दाव्यात मागता येत नाही. बचत पाचशे-हजारांची आणि नुकसान जमिनीचं, हा व्यवहार करू नका.

मूल्यांकन कमी दाखवलं तर न्यायालय दुरुस्तीला वेळ देतं. त्या वेळेत फरक भरला नाही तर दावा नामंजूर होतो. महिलांना मिळकतीच्या काही वादांत कोर्ट फी माफ करणारी अधिसूचना महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ पासून आहे. ती लागू होत असेल तर तिचा उल्लेख दाव्यात करा.

चुकीचं न्यायालय

स्थावर मिळकतीचा दावा सामान्यतः मिळकत जिथे आहे तिथेच. गृहनिर्माण संस्थेच्या कारभाराबद्दलचे सभासदांचे वाद सहकार न्यायालयात जातात. तीन लाख किंवा त्याहून अधिक रकमेचा व्यापारी वाद असेल आणि तातडीचा अंतरिम दिलासा नको असेल, तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. ती न करता लावलेला दावा नामंजूर होतो.

दावा नोंदल्यानंतर

नंबर पडला म्हणजे काम झालं असं नाही. समन्सचा भत्ता आणि दाव्याच्या प्रती वेळेत भरा, नाहीतर दावा त्याच कारणावरून निकाली निघू शकतो. समन्स ‘पत्त्यावर राहत नाही’ अशा शेऱ्यानं परतलं तर सात दिवसांत नव्या समन्सचा अर्ज द्या. निशाणी ५ वर, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर, एकतर्फी मनाई मिळाली तर अर्ज, प्रतिज्ञापत्र, दावा आणि कागदपत्रांच्या प्रती प्रतिवादीला लगेच द्या किंवा रजिस्टर पोस्टानं पाठवा, आणि तसं केल्याचं प्रतिज्ञापत्र त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी दाखल करा. हे राहिलं तर मनाई उठवण्यासाठी समोरच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो.