इंजिन बदलल्यानंतर ऑइल प्रेशर कमी येत असेल, तर तपासणी कशी करावी

बदललेले इंजिन गाडीत बसले, सेल्फ मारल्याबरोबर सुरूही झाले, पण मीटरवरचा ऑइलचा लाल दिवा विझत नसेल, तर सर्वांत आधी इंजिन बंद करावे. क्रँकशाफ्ट (इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा) बेअरिंगच्या शेलला, म्हणजे त्याच्या आतल्या पातळ धातूच्या अस्तराला, टेकून फिरत नसतो, तो ऑइलच्या अतिशय पातळ थरावर तरंगत फिरतो. तो थर टिकला नाही, तर शेल घासून खराब व्हायला काही मिनिटे पुरतात. त्यामुळे "थोडी चालवा, प्रेशर आपोआप येईल" हा गॅरेजमध्ये हमखास मिळणारा सल्ला कृपया मानू नका.

यानंतरचे काम मोजण्याचे आहे, खोलण्याचे नाही. हा दिवा लावणारा ऑइलचा स्विच काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावावा आणि खरे प्रेशर किती आहे ते पाहावे. इंजिन एका गाडीचे आणि मीटर दुसऱ्या गाडीचे असेल, तर सेन्सरचा रोध आणि काट्याची मोजणी जुळत नाही, आणि प्रेशर उत्तम असतानाही काटा खाली पडलेला दिसतो. एकाच वायरचा सेन्सर स्वतःच्या आट्यांमधून अर्थिंग (इंजिनाशी विजेचा जोड) घेतो. त्या आट्यांवर टेफ्लॉन टेप जास्त गुंडाळली, तर अर्थिंग तुटते आणि काटा भलतेच दाखवू लागतो. याच्या उलट, दिवा विझला म्हणजे सर्व ठीक आहे असेही समजू नये, कारण बहुतेक स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारलाच दिवा विझवतात आणि इंजिनावर भार असताना तेवढे प्रेशर अजिबात पुरत नाही.

गेजवरचा आकडा नेहमी इंजिन पूर्ण गरम झाल्यावर वाचावा. प्रत्येक १००० आरपीएममागे सुमारे १० पीएसआय, म्हणजे ०.७ बार, हा जुना ठोकताळा उपयोगी आहे, मात्र अंतिम आकडा त्या इंजिनाच्या सर्व्हिस मॅन्युअलचाच धरावा. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि सीताबर्डीच्या गर्दीत गाडी स्लोवर उभी राहते, तेव्हा ऑइल चांगलेच तापून पातळ होते. सकाळी गार इंजिनावर घेतलेला आकडा म्हणूनच फसवा ठरतो. अशा वेळी ५ डब्ल्यू ३० काढून २० डब्ल्यू ५० हे जाड ऑइल भरण्याचा मोह होतो. त्याने काटा वर चढतो खरा, पण मूळ दोष झाकला जातो, म्हणून तपासणी पूर्ण होईपर्यंत मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचेच ऑइल ठेवावे.

प्रेशर सुरुवातीपासून शून्य असेल, तर बहुधा ऑइल पंप कोरडा आहे. इंधन पंपाचा रिले काढावा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारून, मध्ये स्टार्टरला विश्रांती देत, गेज हलतो का ते पाहावे. गार असताना प्रेशर भरपूर आणि गरम झाल्यावर कमी, असे असेल तर बेअरिंगमधली जागा वाढल्याचा संशय घ्यावा. ब्रेक लावताना किंवा वळणावर काटा पडत असेल, तर दोष चेंबर (इंजिनाखालचे ऑइलचे भांडे) आणि स्ट्रेनर (त्यातून ऑइल ओढणाऱ्या नळीची जाळी) यांच्या जोडीत शोधावा.

या जोडीकडे मी नेहमी अधिक लक्ष देतो. नव्या जागेत इंजिन बसावे म्हणून अनेकदा चेंबर बदलले जाते, पण स्ट्रेनरची नळी आणि डिपस्टिक जुनीच राहते, आणि मग डिपस्टिक "फुल" दाखवत असूनही ऑइल कमी असते. डिपस्टिकवर विसंबून न राहता मॅन्युअलमधल्या लिटरनुसार मोजून ऑइल भरावे. स्ट्रेनर आणि चेंबरचा तळ यांत साधारण ६ ते १० मिलिमीटर अंतर हवे. ते मोजण्यासाठी मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीचा गोळा जाळीवर ठेवून चेंबर तात्पुरते बसवावे आणि काढल्यावर दबलेल्या मातीची जाडी पट्टीने पाहावी; माती मात्र नंतर कणभरही आत राहू देऊ नये. नळीच्या तोंडाशी असलेली ओ-रिंग चिरलेली असेल, तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. हे चेंबर न काढताही तपासता येते. एक लिटर ऑइल जास्त घालून इंजिन फक्त स्लोवर चालवावे, आणि प्रेशर सुधारले तर संशय ओ-रिंगवर किंवा स्ट्रेनरच्या उंचीवर घ्यावा. जास्तीचे ऑइल लगेच काढून टाकावे, नाहीतर क्रँक ते घुसळून फेस करतो.

माझ्याकडे आलेल्या एका गाडीत गरम झाल्यावर सिग्नलला दिवा लुकलुकत असे, आणि मालकाला बेअरिंग गेल्याचे सांगितलेले होते. चेंबर उतरवले तेव्हा स्ट्रेनरच्या जाळीवर वाळलेल्या शेवयांसारखे राखाडी सिलिकॉनचे तुकडे अडकलेले होते, जवळजवळ अर्धी जाळी झाकून. पॅकिंग लावताना सिलिकॉन जाड ओढले होते, तेच आत दाबले जाऊन तुटले होते. जाळी साफ केली, सिलिकॉनची बारीक रेघ ओढून चेंबर पुन्हा बसवले आणि दिवा लुकलुकणे थांबले.

चेंबर उतरवण्याआधी जुना फिल्टर कटरने कापून आतला कागद उलगडावा. चकाकणारे कण दिसले आणि ते चुंबकाला चिकटत नसतील, तर ते बहुधा बेअरिंगच्या शेलचे असतात. ऑइल पंपाचा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचे प्रेशर सोडणारा) कचऱ्याने उघडा अडकला आहे का, हेही पाहावे. इंजिन ओव्हरहॉल केलेले असल्यास ऑइल गॅलरीचा (इंजिनातल्या ऑइलच्या वाटेचा) एखादा प्लग बसवायचा राहून गेला आहे का, तेही तपासावे.

हे सर्व निर्दोष निघाले, तरच बेअरिंगच्या कॅप उघडाव्यात. प्लास्टिगेजची (दाबल्यावर पसरणाऱ्या मऊ प्लास्टिकची) पट्टी ठेवून, क्रँक न फिरवता कॅप ठरलेल्या टॉर्कवर आवळाव्यात आणि पुन्हा उघडून दबलेल्या पट्टीच्या रुंदीवरून बेअरिंगमधली जागा मोजावी. अनेक लहान पेट्रोल इंजिनांत ही जागा ०.०२ ते ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असते. ती मॅन्युअलच्या मर्यादेबाहेर गेली असेल, तर नुसते शेल बदलून भागत नाही, क्रँकचे जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारे भाग) मायक्रोमीटरने मोजावे लागतात.

दुरुस्तीनंतर मेकॅनिकल गेज लगेच काढू नये. तो जोडलेला ठेवूनच भर दुपारी वर्धा रोडने बुटीबोरीपर्यंत जाऊन यावे, परतल्यावर गाडी स्लोवर ठेवून आकडा लिहून घ्यावा आणि मग मूळ स्विच बसवावा.