मोठ्या मॉडेलचा शागीर्द घरी कसा घडवावा

कोथरूडच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मोठं भाषा-मॉडेल शून्यापासून घडवता येत नाही. पण तयार मोठ्या मॉडेलसारखं लिहिणारं छोटं मॉडेल घडवता येतं. याला डिस्टिलेशन म्हणतात. २०१५ साली जेफ्री हिंटन, ओरिओल विन्याल्स आणि जेफ डीन यांच्या शोधनिबंधामुळे हे नाव रुळलं.

आधी जोडी जमवा: मोठं मॉडेल गुरू, छोटं शिष्य. गुरूची वेट्स, म्हणजे त्याने शिकलेले आकडे, उतरवून घेता आली पाहिजेत आणि परवान्यात या कामाला मुभा हवी. परवाना आधी वाचा, नंतर वाचून उपयोग नसतो. शिष्य त्याच घराण्यातला, पण कमी थरांचा घ्या: जीपीटी-२ च्या लहान आवृत्तीत १२ थर आहेत, तिच्या शिष्यात, म्हणजे डिस्टिलजीपीटी-२ मध्ये ६. दोघांचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे तुकडे पाडणारा भाग, एकच असला, की शब्दाला शब्द जुळतो. मराठीसाठी तो तपासूनच घ्या. जीपीटी-२ चा टोकनायझर बाइटवर चालतो आणि ‘पिठलं’ एवढ्याशा शब्दाचे यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायच्या पद्धतीत) १५ बाइट होतात, म्हणजे त्याचे बरेच तुकडे पडू शकतात.

मजकुरासाठी लांब जायला नको. पुण्याच्याच एल३क्यूब गटाचा महाकॉर्पस हा मराठी मजकुराचा साठा आहे.

आता खरं काम. ‘पावसात सिंहगड चढलो आणि वर गेल्यावर गरमागरम…’ इथे मूळ मजकुरात पुढे फक्त ‘भजी’ असतं. गुरू मात्र समजा शक्यता सांगतो: भजी ०.६, पिठलं ०.३, कॉफी ०.०५, चप्पल जवळजवळ शून्य. शिष्याला गुरूचं उत्तर नको, ही चलबिचल हवी. गडावर काय काय मिळतं, हे तिच्यातच दडलेलं असतं.

ती ठळक करायला ‘तापमान’ वापरा. दोघांनी शब्दांना दिलेले कच्चे गुण सॉफ्टमॅक्सच्या (गुणांच्या शक्यता करणाऱ्या सूत्राच्या) आधी २ ने भागा. भजी कॉफीच्या १२ पट होती, ती साधारण साडेतीन पट उरते. मग दोघांच्या शक्यतांमधला केएल फरक, म्हणजे त्या किती वेगळ्या आहेत याचं माप, काढा आणि त्याला तापमानाच्या वर्गाने, म्हणजे ४ ने गुणा. नाहीतर भागाकारामुळे ग्रेडियंट, म्हणजे शिष्याला सुधारणारे धक्के, मंदावतात. त्यात नेहमीचा, पुढचा शब्द ओळखण्याचा लॉस (चुकीचं माप) मिसळा. मी निम्मं-निम्मं ठेवून सुरुवात करतो. गुरूची वेट्स गोठवलेली असू द्या. हे विसरलात तर गुरूच शिष्याकडे सरकू लागतो!

लॉस खाली आला म्हणून हुरळू नका. शिष्याला स्वतः परिच्छेद लिहू द्या. दुसऱ्यांच्या वाक्यांवर शिकलेला शिष्य स्वतःच्या वाक्यात दोन ओळींनंतर भरकटतो. मग त्याच्याच लिखाणावर गुरूच्या शक्यता काढून पुन्हा शिकवा. गुरूच्या चुकाही तो इमानाने उचलतो, त्या वेगळ्या शोधाव्या लागतात.

शिष्य जमला, की त्याच्या लिखाणावर तिसरा, तिसऱ्याच्या लिखाणावर चौथा घडवायचा मोह होतो. तसं करायचंच असेल, तर दरवेळी माणसांनी लिहिलेला मजकूर मिसळा. नाहीतर विरळ शब्द आधी गळतात, आणि काही पिढ्यांत सिंहगडावर नुसती भजीच उरते.