सैन्यावर नागरी नियंत्रण : उत्तर लिहिताना या चुका टाळा

राज्यघटनेच्या पेपरात हा प्रश्न आला की बरीच उत्तरे 'राष्ट्रपती हे तिन्ही दलांचे सरसेनापती' या वाक्याने सुरू होतात आणि तिथेच अडकतात. अनुच्छेद ५३(२) नुसार सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आहे खरे, पण ते कायद्याने विनियमित होईल, असेही त्याच वाक्यात म्हटले आहे. हा उत्तरार्ध गाळला की मुद्दाच निसटतो. पुढे ७४(१) जोडा: ४२व्या घटनादुरुस्तीने (१९७६) मंत्रिमंडळाचा सल्ला बंधनकारक झाला, ४४व्या दुरुस्तीने (१९७८) राष्ट्रपतींना तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. मग ७५(३), म्हणजे मंत्रिमंडळाची लोकसभेला सामूहिक जबाबदारी. ही साखळी याच क्रमाने लिहा.

सीडीएस (चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ, संरक्षण दलप्रमुख) म्हणजे तिन्ही दलांचा वरिष्ठ सेनापती, ही २०२० नंतरची लाडकी चूक. तिन्ही दलप्रमुखांवर त्यांना लष्करी हुकमत नाही. ते संरक्षणमंत्र्यांचे प्रमुख लष्करी सल्लागार आणि लष्करी व्यवहार विभागाचे सचिव आहेत. संरक्षण धोरण मात्र संरक्षण सचिवांच्या विभागाकडेच आहे.

सर्वाधिक गोंधळ होतो तो दंगलीत लष्कर बोलावण्यावरून. 'कायदा-सुव्यवस्था राज्याचा विषय, म्हणून मुख्यमंत्री लष्कराला आदेश देतात' असे लिहू नका. राज्यसूचीतील नोंद १ मधूनच संघाच्या सशस्त्र दलांचा वापर वगळला आहे. राज्यात दले तैनात करण्याचा विषय संघसूचीच्या नोंद २अ मध्ये आहे. राज्य मदत मागते, हुकूम सोडत नाही.

प्रत्यक्ष जमाव पांगवताना भारतीय नागरी सुरक्षा संहितेचे कलम १४९ लागते (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतले १३० लिहिण्याची सवय १ जुलै २०२४ नंतर सोडा). जिल्हादंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला, तिथे हजर असलेला कार्यकारी दंडाधिकारी लष्करी अधिकाऱ्याला सांगतो. अधिकाऱ्याने ते मानायचेच; पद्धत त्याची, पण बळ कमीत कमी. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल आणि सार्वजनिक सुरक्षितता उघड धोक्यात असेल, तर कलम १५० नुसार लष्करी अधिकारी स्वतः कारवाई करू शकतो. संपर्क शक्य झाला की पुढे दंडाधिकाऱ्याचेच ऐकायचे. संपूर्ण विषयाचे सार या एका तरतुदीत दिसते. ती न लिहिणे म्हणजे हातचे गुण घालवणे.

'सैनिकांना मूलभूत हक्क नसतात' हेही चूक. अनुच्छेद ३३ संसदेला, फक्त संसदेला, ते मर्यादित करू देतो. लष्करी कायदा १९५० चे कलम २१ हे त्याचे उदाहरण. तसेच १३६(२) मुळे लष्करी न्यायालयाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका चालत नाही, याचा अर्थ अनुच्छेद ३२ (सर्वोच्च न्यायालय) आणि २२६ (उच्च न्यायालय) खालचे रिट, म्हणजे न्यायालयाचे आदेश, बंद झाले असा नाही.

३४व्या अनुच्छेदात मार्शल लॉ (लष्करी अंमल) जाहीर करण्याचा अधिकार शोधू नका; तिथे त्या काळातील कृत्यांना नंतर संरक्षण देणाऱ्या कायद्याचीच तरतूद आहे.

कोणते दल कोणाखाली, यातही गल्लत करू नका: बीएसएफ, सीआरपीएफ गृह मंत्रालयाखाली आहेत. आसाम रायफल्स प्रशासनाला गृह मंत्रालयाकडे, मोहिमेत लष्कराकडे. तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाकडे.